नेमलेला प्रमुख आणि घडलेला नेता

(आरोग्य व समाजसेवेच्या क्षेत्रातील नेतृत्वविकास या विषयावरील व्याख्यान)



‘नेतृत्व’ हा शब्द राजकारणाने इतका व्यापून टाकला आहे की, रुग्णालयाच्या एखाद्या कक्षात रात्री दोन वाजता कर्तव्यावर असलेल्या परिसेविकेच्या संदर्भात तो वापरला, तर ऐकणाऱ्याला किंचित विचित्रच वाटते. नेता म्हटला की व्यासपीठ आले, हारतुरे आले, घोषणा आल्या. आरोग्यसेवेत आणि समाजसेवेत नेतृत्वाची कसोटी लागते ती अशाच एखाद्या रात्री. वरिष्ठ घरी झोपलेले असतात, दूरध्वनी लागत नसतो, समोर रुग्ण तळमळत असतो आणि निर्णय तर त्या क्षणीच घ्यावा लागतो.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. त्यांतील सात वाचवता आली, दहा दगावली. महाराष्ट्र हळहळला. चौकशी समिती नेमली गेली, निलंबने झाली आणि राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. हे सारे ज्या वर्षाच्या आरंभी झाले त्याच वर्षाच्या ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. पुन्हा चौकशी, पुन्हा निलंबन.

कोणते यंत्र बिघडले, कोणती तार तापली, हा तांत्रिक प्रश्न झाला. त्याचे उत्तर अभियंते देतील. नेतृत्वाचा प्रश्न निराळा आहे. बिघाड ज्याच्या डोळ्यांसमोर रोज असतो, त्या कक्षसेवकाला वा परिचारिकेला तो सांगण्याची मुभा आहे काय? तिने सांगितले, तर ऐकून घेणारा कोणी आहे काय? आणि ऐकून घेणाऱ्याच्या हाती तो दुरुस्त करण्यापुरती सत्ता व पैसा आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या रुग्णालयात ‘होय’ अशी येतात तेथे नेतृत्व आहे, मग त्या रुग्णालयाच्या प्रमुखाचे नाव कोणाला ठाऊक असो वा नसो.

आता आपल्याकडे हा प्रमुख होतो कसा, ते पाहावे. एखादा तरुण वैद्यकीय पदवी घेतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता संपवून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होतो. वय असते चोवीस-पंचवीस. शासनाच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात तीस हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असते. पहिल्याच दिवशी या तरुणाच्या पुढ्यात हजेरीपट, औषधसाठ्याची नोंदवही, रुग्णवाहिकेच्या इंधनाची देयके, रुग्ण कल्याण समितीचा जमाखर्च, लसीकरणाचे उद्दिष्ट आणि दोन कर्मचाऱ्यांचे जुने भांडण, असे सारे येऊन पडते. हाताखालची आरोग्य सहायिका वयाने त्याच्या आईएवढी असते. तिने असे दहा साहेब येता-जाताना पाहिलेले असतात. त्याने न्यूमोनियाची लक्षणे पाठ केलेली असतात. परंतु पन्नाशीच्या अनुभवी स्त्रीला अवमान न करता चूक कशी दाखवावी, हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. मग तो एक तर आवाज चढवतो, नाही तर मान खाली घालून सह्या करू लागतो, आणि पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत तोंड लपवतो.

पुढची पायरी ज्येष्ठतेची. उत्तम शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक कालांतराने रुग्णालयाचा प्रशासक होतो आणि समाज एक चांगला शल्यचिकित्सक गमावून एक गोंधळलेला प्रशासक मिळवतो. त्यातही पद रिक्त राहिले की ‘प्रभारी’ नेमला जातो. प्रभारी हा मराठी प्रशासनातील मोठा बोलका शब्द आहे! भार त्याच्यावर असतो, परंतु आसन त्याचे नसते. त्यामुळे दूरचा निर्णय तो घेत नाही आणि जवळचा पुढे ढकलतो.

कागदावर मात्र उणीव नाही. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पदवीधर डॉक्टरच्या ज्या पाच भूमिका सांगितल्या आहेत त्यांत ‘आरोग्यचमूचा नेता व सदस्य’ ही एक आहे. नेता आणि सदस्य हे दोन शब्द एकत्र योजणाऱ्यांचे कौतुक करायला हवे. परंतु भूमिका लिहून येत नाही, ती वठवून येते. आणि ती वठवण्याची तालीम कोठे होते, हे पाहू गेल्यास शोध वैद्यकीय महाविद्यालयांत फारसा संपत नाही.

साधनांची विपुलता असलेल्या देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी हेळसांड झाली तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. त्यांचा मोठा अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्यात २९० शिफारशी होत्या. तहानलेल्या वृद्धांना पाणी मिळत नव्हते, मलमूत्राने भिजलेल्या चादरी बदलल्या जात नव्हत्या. इमारत होती, वेतने होती, यंत्रे होती. संचालक मंडळाची दृष्टी आर्थिक उद्दिष्टांवर खिळलेली होती आणि तक्रार करणाऱ्या नातेवाइकांचे व परिचारिकांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचत नव्हते. पोहोचले तरी रुजत नव्हते. भंडाऱ्याचा विचार करताना स्टॅफर्डचे स्मरण यासाठी ठेवायचे की, केवळ निधी वाढवला म्हणजे काम भागले, या समजुतीत कोणी राहू नये.

तेव्हा नेता घडतो कसा, याचे उत्तर शोधायचे तर जेथे तो खरोखर घडला तेथे जावे लागते. त्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. ज्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या रुग्णालयात ती आग लागली, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पावसाचा भरवसा नसलेला दुष्काळी मुलूख. लवकरच १९७२ चा भीषण दुष्काळ आला. बालमृत्यूंचे प्रमाण संस्थेच्या नोंदींप्रमाणे हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या घरात होते. म्हणजे जन्मलेल्या दर सहा बालकांपैकी एक वर्षाच्या आत जात असे.

आरोळे दांपत्याने आरंभी जे केले ते कोणीही शहाणा माणूस करील तेच होते. त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावोगावी पाठवून पाहिल्या. तो प्रयोग जमला नाही. बाहेरून आलेली, शिकलेली, एकटी तरुणी खेड्यात राहायला कचरत होती आणि खेड्यातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत नव्हत्या. मग गावातलीच एखादी स्त्री निवडावी, गावानेच ती निवडावी, असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. काही परित्यक्ता होत्या, काही विधवा, काही त्या काळी ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नसे अशा समाजातल्या.

या स्त्रियांना घडवण्याची पद्धत लक्षपूर्वक समजून घ्यावी अशी आहे, कारण नेतृत्वविकासाचे सारे मर्म तिच्यात आहे. त्यांना सहा महिन्यांचा एखादा वर्ग देऊन, प्रमाणपत्र हाती ठेवून गावी पाठवले गेले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्कामी राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि शेजारी-शेजारी झोपत. ज्या काळात खेड्यात विहिरीवरून रक्त सांडत होते त्या काळात मराठा, माळी, महार, मांग, मुसलमान अशा घरांतल्या बायका एका ताटाजवळ बसू लागल्या, आणि ते भाषण न देता घडले. जातिभेद मोडण्यावर परिसंवाद पुष्कळ होतात. येथे तो एका मुक्कामाच्या व्यवस्थेने झिजत गेला.

वर्गात आधी बोलायचे ते त्यांनी. गेल्या आठवड्यात गावात काय पाहिले, कोणाचे मूल सुकत चालले आहे, कोणती बाळंतीण अडली, कोणत्या सासूने औषध फेकून दिले. डॉक्टरांनी नंतर बोलायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न: जे ठरले होते ते झाले काय, झाले नसेल तर का नाही? एकीला जे जमले ते दुसरीला तीच समजावून सांगे. जुन्या सेविकांनी नव्या सेविकांना शिकवावे, हा शिरस्ता पडला. स्वतःविषयीची लाज आणि भीती कमी झाल्याशिवाय ज्ञान टिकत नाही, हे आरोळे दांपत्याने ओळखले होते. म्हणून जुलाबावरील मीठ-साखरेच्या पाण्याइतकेच महत्त्व त्यांनी त्या स्त्रीने चारचौघांत उभे राहून आपले नाव स्पष्ट आवाजात सांगण्याला दिले.

बरोबरीने गावात शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. पाणी, शौचालय, रोपे, बियाणे हे विषय आरोग्याच्या वर्गात आले. कारण बाळ सुकते ते पुष्कळदा विहीर सुकल्यामुळे. नव्वदच्या दशकापर्यंत प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी विसाच्या आसपास आल्याचे संस्थेच्या नोंदी सांगतात. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो दिला गेला ‘सामुदायिक नेतृत्वा’साठी. पुरस्कार देणाऱ्यांनी विभाग अचूक निवडला, असेच म्हणावे लागेल. कारण या दोन डॉक्टरांनी किती रुग्ण बरे केले यापेक्षा किती माणसे उभी केली, हे त्यांच्या कामाचे खरे मोजमाप आहे. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची कन्या व पुत्र आज ते काम पाहतात.

यात कोणाला केवळ साधेपणाचे कौतुक वाटेल. परंतु डॉक्टरच्या दृष्टीने पाहिले, तर ही गोष्ट साधी नाही, कठीण आहे. वैद्यकाचे ज्ञान ही सत्ता आहे. ती कमावण्यासाठी डॉक्टरने तारुण्याची दहा वर्षे वेचलेली असतात. ती निरक्षर स्त्रीच्या हाती द्यायची म्हणजे स्वतःचे वलय स्वतःच्या हाताने उतरवायचे. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या संस्था येथेच अडतात.

गडचिरोलीचे उदाहरण याच मुद्द्याला अधिक धार आणते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था तेथे स्थापन केली. नवजात बाळे घरीच दगावत होती, कारण रुग्णालय दूर होते आणि जाण्याचे साधन नव्हते. त्यांनी ३९ गावांत, शाळेत काही इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे त्यांना शिकवले. खेड्यातल्या बाईच्या हातात नवजात बाळासाठी सुई! वैद्यकीय व्यवसायातील अनेकांना हा विचारच पचणे कठीण होते. परंतु नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. पुढे घरोघरी नवजात बालसेवेची कल्पना केंद्र शासनाने स्वीकारली आणि २०११ पासून आशा स्वयंसेविकांच्या कामात तिचा समावेश झाला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट नोंदवावी लागते. अधिकार सोपवणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. गडचिरोलीत प्रत्येक आरोग्यदूताच्या नोंदी तपासल्या जात, पर्यवेक्षक ठरावीक दिवसांनी तिच्या गावी जात, तिचा हात कोठे चुकतो ते पाहून पुन्हा शिकवत. विश्वास आणि पडताळणी ही दोन्ही चाके एकाच अक्षावर फिरत होती. शासकीय योजनेत पुष्कळदा यांतले एकच चाक उरते. विश्वास गळतो आणि तपासणी तेवढी राहते; तीसुद्धा बाळाची न राहता तक्त्याची होते. याच संस्थेने २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. त्यात आलेल्या कितीतरी तरुण डॉक्टरांनी दुर्गम भागातील आरोग्य केंद्रांत काम स्वीकारले. पदवी हाती आल्यावर जो प्रश्न कोणी विचारत नाही, की या शिक्षणाचे आयुष्यात करायचे काय, तो तेथे विसाव्या-बाविसाव्या वर्षी विचारला जातो.

खेड्यातील कामाला जे लागू पडते ते मोठ्या रुग्णालयाला लागू पडेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मदुराईत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना ऐन तारुण्यात संधिवाताने गाठले आणि हातांची बोटे कायमची वाकली. प्रसूतिशास्त्र सोडून ते नेत्रचिकित्सेकडे वळले. त्या वाकड्या बोटांनी त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. शासकीय सेवेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर, म्हणजे जेव्हा मध्यमवर्गीय माणूस निवृत्तिवेतनाचा हिशेब आणि नातवंडांची शाळा यांत रमतो तेव्हा, १९७६ मध्ये त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. श्रीअरविंदांच्या विचारांवर त्यांची निष्ठा होती, नाव तेथून आले. आज या संस्थेच्या रुग्णालयांत वर्षाला काही लाख शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास विनामूल्य वा अत्यल्प शुल्कात होतात.

हे गणित जुळते ते डॉक्टरांच्या संख्येमुळे नव्हे. संस्था आसपासच्या खेड्यांतल्या, शालेय शिक्षण झालेल्या मुली निवडते आणि दोन वर्षे शिकवते. दृष्टी तपासणे, डोळ्याचे माप घेणे, रुग्णाला धीर देणे, शस्त्रक्रियेची सिद्धता करणे ही सर्व कामे त्या करतात. शल्यचिकित्सकाने फक्त तेवढेच करायचे जे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला करता येत नाही. एका टेबलावरची शस्त्रक्रिया संपते तोवर शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण सिद्ध असतो. याच मुलींतून पुढे विभागप्रमुख होतात, प्रशिक्षक होतात. १९९२ मध्ये संस्थेने आपली पद्धत इतरांना शिकवण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्था काढली आणि देशविदेशांतील शेकडो नेत्ररुग्णालयांचे चमू तेथे शिकून गेले. तेथे एकट्या डॉक्टरला बोलावले जात नाही. प्रशासक आणि परिचारिका यांच्यासह सगळा चमू आणावा लागतो, कारण एकटाच शिकून गेलेला माणूस परतल्यावर जुन्या घडीत मुडपला जातो. डॉ. वेंकटस्वामी २००६ मध्ये निवर्तले. संस्था थांबली नाही, वाढली.

समाजसेवेच्या क्षेत्रात याहून एक पाऊल पुढचे उदाहरण आहे, आणि ते चांपा येथील आहे. तेथे रुग्णच नेता झाला. सदाशिवराव कात्रे हे स्वतः कुष्ठरोगी होते. समाजाने दूर लोटलेल्या या माणसाने १९६२ मध्ये, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या चांपाजवळ भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. आपल्याला कोणी आसरा द्यावा, अशी वाट पाहण्याऐवजी त्यांनी दुसऱ्यांना आसरा दिला. ज्या रोगाने बोटे झडत होती त्या रोगाचे रुग्ण तेथे शेती करू लागले, गाई पाळू लागले. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांच्यासोबत आले. जशपूरच्या वनवासी कल्याण आश्रमात शिक्षक म्हणून ते गेले होते. चांपा पाहिले आणि तेथलेच झाले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले आणि देहदान करून गेले. कात्र्यांनंतर बापट, हा वारसा रक्ताचा नव्हता, आणि निविदेतला वा जाहिरातीतला तर नव्हताच. बापट तेथे राहिले, रुग्णांच्या हातचे जेवले, वर्षानुवर्षे दुसऱ्या क्रमांकाचे काम केले, तेव्हा पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला.

आपल्या अनेक धर्मादाय रुग्णालयांत आणि सेवासंस्थांत दुसरा क्रमांकच नसतो. संस्थापक ऐंशीचे होतात, विश्वस्त पंच्याहत्तरीचे. कार्यकारिणीत साठ वर्षांचा माणूस ‘युवा सदस्य’ म्हणून ओळखला जातो, आणि तीस वर्षे राबलेली मुख्य परिचारिका सभेच्या दिवशी फक्त चहाच्या व्यवस्थेसाठी आत येते. हे विनोदाने म्हटले तरी विनोदाचे नाही. संस्थापकाच्या पश्चात पाच वर्षांत त्या इमारतीला व्यापारी रुग्णालयांच्या मोठ्या साखळीचे नाव लागले, तर दोष त्या साखळीकडे कमी आणि विश्वस्तांकडे अधिक जातो.

शासकीय व्यवस्थेत करण्यासारखे काही आहे की नाही? आहे, आणि ते नवे नाही. तामिळनाडूमध्ये सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र संवर्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. रुग्ण तपासणारे डॉक्टर आणि साथ, पाणी, लसीकरण, मातृमृत्यू यांचे व्यवस्थापन करणारे डॉक्टर यांच्या वाटा तेथे निराळ्या आहेत. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यास सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घ्यावे लागते आणि त्याच वाटेने वरपर्यंत जाता येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत असा व्यवस्थापन संवर्ग असावा, असे सुचवले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याविषयी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. मधल्या काळात कोरोनाची महामारी येऊन गेली. त्या दोन वर्षांत जेथे जिल्हा आरोग्य अधिकारी जाणता होता आणि त्याचा शब्द चालत होता तो जिल्हा सावरला, असा अनुभव ठिकठिकाणच्या लोकांनी घेतला. जेथे तो प्रभारी होता तेथे काय झाले, तेही लोकांनी घेतलेल्या अनुभवातच जमा आहे.

शिडीच्या खालच्या पायरीचे काय? २००५ पासून गावोगावी आशा आहेत. देशभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा ‘जागतिक आरोग्य नेते’ या पुरस्काराने सन्मान केला. शब्द पुन्हा तोच, ‘नेते’. परंतु जिनिव्हात नेता ठरलेली ही स्त्री आपल्या तालुक्यात मानधनासाठी आंदोलन करते. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या होत्या. तिला कर्मचारी म्हणायचे नाही, स्वयंसेविका म्हणायचे, आणि कामे मात्र कर्मचाऱ्याची द्यायची, हा व्यवहार कितपत न्याय्य आहे? आशा गटप्रवर्तक होऊ शकते. त्यानंतर पुढे काय? एखादी हुशार, तिशीतील आशा परिचारिकेचे शिक्षण घेऊ पाहील, तर तिच्या घरखर्चाची, तिच्या मुलांची सोय लावणारी व्यवस्था किती जिल्ह्यांत आहे? जामखेडमध्ये दर आठवड्याला जे घडत होते ते तिच्या मासिक सभेत घडते काय? की त्या सभेत आकडे वाचले जातात, रागावणे होते, आणि दुपारी दोनची एसटी पकडण्यासाठी सगळ्या धावतात?

ही मासिक सभा अत्यंत मोलाची जागा आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होतेच. तीस-पस्तीस बायका, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, एक डॉक्टर. त्यासाठी नवे अनुदान नको, नवी इमारत नको. पहिला एक तास तक्ते बाजूला ठेवून, महिन्याभरात ज्या घरी मूल वा माता दगावली त्या घरी नेमके काय काय घडले हे त्या गावच्या आशेने सांगायचे, कोणीही मध्ये बोलायचे नाही आणि डॉक्टरने सर्वांत शेवटी बोलायचे, एवढी एकच रीत पाडली तरी पुष्कळ होईल. तिच्या तोंडून ‘गाडी तीन तास आली नाही’ हे वाक्य निघेल. ते ऐकून डॉक्टरने त्याच बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला दूरध्वनी लावला, तर पुढच्या महिन्यात ती आणखी बोलेल. तो गप्प राहिला, तर ती पुन्हा बोलणार नाही, आणि तिच्या शेजारी बसलेल्या चौतीसजणीही बोलणार नाहीत.

सेवासंस्थांच्या विश्वस्तांनाही असेच करता येईल. येत्या वर्षाच्या पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर जमाखर्चाच्या आधी एक विषय घ्यावा: आजच्या प्रमुखांनी उद्यापासून यायचे थांबवले, तर त्यांची खुर्ची कोण सांभाळील? नाव सुचले, तर त्या व्यक्तीला या वर्षी कोणते तीन निर्णय स्वतंत्रपणे घेऊ द्यायचे, कितीपर्यंतच्या खर्चाच्या धनादेशावर तिची सही चालेल आणि तिची चूक झाल्यास तिच्या पाठीशी कोण उभे राहील, हे इतिवृत्तात लिहावे. आणि नाव सुचले नाही, तर इतर सर्व विषय पुढच्या सभेवर ढकलून त्या दिवशी तेवढाच विषय चर्चेला घ्यावा.